पेन्सिलीनं लिहिलेलं गणित

“गणित कुठंय? अहो, गणित कुठंय?”

खिडकीतला कारकून एवढ्या जोरात ओरडला, की तिकडं हर्सूलच्या जेलात कैदी हजेरीला उभे राहिले असणार. इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रवेशाची खिडकी होती ती. माझ्या भाचीची बारावीची गुणपत्रिका तो हातपंख्यासारखी हलवत होता. “फिजिक्स आहे, केमिस्ट्री आहे, बायोलॉजी आहे, आणि हे काय, भूगोल! भूगोलावर इंजिनिअर करू का हिला? गणित सोडून इथं कुणी येतं का? पाठवलं कुणी तुम्हाला?”

पाठवलं मीच होतं. मेडिकलची यादी तीन मार्कांनी हुकली, तेव्हा मी दाजींना, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, छातीवर हात मारून सांगितलं होतं, “डॉक्टर नाही तर इंजिनिअर! त्या कॉलेजातला प्रिन्सिपॉल मला विचारल्याशिवाय चहा पीत नाही.” प्रिन्सिपॉलनं मला जन्मात पाहिलं नव्हतं. गेटवरचा चहावाला तेवढा ओळखत होता. येताना भाची दोनदा म्हणाली, “मामा, तिथं गणित लागतं.” मी म्हणालो, “गप गं. मग ओळख कशाला असते?”

दाजी खुलताबादजवळच्या खेड्यातले शेतकरी. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि मला विचारलं, “पाव्हणं, काय म्हन्तोय ह्यो? गणित नाय म्हंजी?”

“नियम बदलला, दाजी,” मी म्हणालो. “यंदाच. आधी असं नव्हतं.”

आयुष्यात मी थापा मारल्या त्यांची गाठोडी बांधली, तर वाळूजच्या सगळ्या कंपन्यांच्या बसगाड्या लागतील न्यायला. पण एवढी सफाईदार थाप दुसरी नाही. दाजी घरी पोचेपर्यंत सरकारला शिव्या देत होते. नियम बदललेला नाही हे भाचीला माहीत होतं. तिनं कारकुनाच्या हातून गुणपत्रिका घेतली, घडी केली, पिशवीत ठेवली. बापासमोर तिनं मामाला खोटं पाडलं नाही. आमच्याकडच्या पोरी मामाला खोटं पाडत नाहीत. तिनं त्या दिवशी पाडलं असतं, तर आज मला जरा बरी झोप लागली असती.

आता दोन वर्षं मागं जायला हवं.

शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं आणि आमच्या सगळ्या गणगोतात शहरात राहणारा एकटा मी. वाळूजला कंपनीत कामाला, सिडकोत दोन खोल्या. त्यामुळं गोतातल्या कुणाचाही, कसलाही फॉर्म असो, तो मीच भरायचा असा रिवाज पडला होता. रीत ठरलेली. ज्याचा फॉर्म त्यानं आधी सगळं पेन्सिलीनं लिहायचं आणि मग मी माझ्या शाईच्या पेनानं त्यावरून गिरवायचं. खाडाखोड झाली की फॉर्म बाद, असं मीच सगळ्यांच्या मनात भरवून दिलं होतं. माझ्या अक्षराला, सांगतो तुम्हाला, कलेक्टर कचेरीत लोक उठून उभे राहायचे.

भाची दहावी झाली आणि अकरावीला माझ्याकडं राहायला आली. पोरगी गणितात अशी, की काय सांगावं. त्यांच्या गावात पाण्याची नवी टाकी झाली होती. हिनं एक काठी रोवली, काठीची सावली मोजली, टाकीची सावली मोजली आणि टाकी किती उंच ते सांगितलं. ग्रामसेवकानं कागद काढून बघितला, तर वीतभराचाही फरक नाही. त्या दिवसापासून बाईचं एकच. दाजींनी विचारलं, पुढं काय करणार, तर म्हणाली, “टाकी बांधणार.” दाजी म्हणाले, “आधी डॉक्टर हो, मग हव्या तेवढ्या टाक्या बांध.” म्हणून तिनं तोड काढली होती. बायोलॉजी बापासाठी, गणित स्वतःसाठी. दोन्ही घेता येत होतं. फॉर्मवर तिनं दोन्ही लिहिलं होतं, बारीक, रेखीव, पेन्सिलीनं.

फॉर्म घेऊन मी कॉलेजच्या आवारात कट्ट्यावर बसलो. ती फोटो आणायला गेली होती. शेजारी एक गृहस्थ, त्यांचाही मुलगा अकरावीला. ते सहज म्हणाले, “गणिताला क्लास लावावाच लागतो बघा. उस्मानपुऱ्यात आहे चांगला. सकाळी सहाला.”

सकाळी सहाला! म्हणजे साडेपाचला स्कूटर काढा. ती स्कूटर हिवाळ्यात आडवी पाडून, कुशीवर थोपटून, देवाचं नाव घेऊन किक मारल्याशिवाय चालू व्हायची नाही. आणि मी सेकंड शिफ्टचा माणूस, रात्री बाराला घरी येणारा. नाही, हे खोटं. लिहायला बसलो तरी सवय जात नाही. त्या वर्षी मी जनरल शिफ्टला होतो. आठला बस यायची आणि सातपर्यंत मी गोधडीत असायचो. बास, एवढंच कारण. मी खिशातलं खोडरबर काढलं, गणित पुसलं आणि तिथं पेनानं झोकदार अक्षरात भूगोल लिहिलं.

ती आली. फॉर्म बघितला. “मामा, गणित?”

“डॉक्टरला गणित कशाला गं? पेशंटला पाढे म्हणून दाखवायचेत का? आमच्या कंपनीतला डॉक्टर बघ, त्याला तीन गोळ्या नीट मोजता येत नाहीत, तरी बंगला आहे. उलट गणितानं डोकं गरम होतं अन् बायोलॉजी वितळून जाते.”

ती हसली. हसली म्हणजे तिला पटलं असं मी धरून चाललो. “आता खाडाखोड केली तर फॉर्म बाद ना?” तिनं विचारलं. मी म्हणालो, “बाद म्हणजे काय, फाडून फेकतात.”

तर असं दोन वर्षांनी आम्ही त्या खिडकीशी उभे होतो. पण गोष्ट तिथंही संपली नव्हती. तिच्या एका मॅडमनी तिला सांगितलं, की पुढच्या वर्षी नुसता गणिताचा पेपर देता येतो. एक वर्ष अभ्यास कर, मग इंजिनिअरिंगला जा. ती गावी जाऊन बापाशी बोलली. मीही गेलो होतो. ताटात वांग्याची भाजी होती, मला अजून आठवतं, कारण सगळा वेळ मी ताटातच बघत होतो.

दाजी म्हणाले, “येक वरीस घालवायचं, अन् ह्यांनी परत नियम बदलला तर? पाव्हणं, तुमीच सांगा. आत्ता यंदाच बदलला का नाय?”

भाचीनं माझ्याकडं बघितलं. एक शब्द पुरला असता. दाजी, नियम कधी बदललाच नाही, गणित मी पुसलं. मी म्हणालो, “व्हय, सरकारचा काय भरवसा.” आणि आक्काकडं अजून एक भाकरी मागितली.

ती बी. एस्सी. झाली, वनस्पतिशास्त्रात. मग शाळेत शिकवायला लागली. चांगली बाई आहे शाळेत, पोरं जीव टाकतात. लोक म्हणतात, वाईट काय झालं? वाईट काहीच झालं नाही. फक्त तिनं टाकी बांधली नाही.

म्हणून दहावीचा निकाल लागला, की मी आता कॉलनीतली पोरं अडवतो. म्हातारा अंगावर येतो म्हणून ती दुसऱ्या गल्लीनं जातात, तरी गाठतो. बाबांनो, नावडत असलं तरी बारावीपर्यंत गणित ठेवा. पंधराव्या-सोळाव्या वर्षी आपल्याला पुढं काय हवंसं वाटेल हे कुणालाही कळत नाही. इतिहास चाळिसाव्या वर्षी वाचता येतो. गणितात दोन वर्षं खंड पडला, की ते ओळख दाखवत नाही. ठेवलं आणि लागलं नाही, तर काय गेलं? थोडी सकाळची झोप. पोरं विचारतात, “काका, तुम्ही गणिताचे सर होता का?” मी म्हणतो, “नाही रे, मी पुसणारा होतो.” त्यांना वाटतं, म्हातारा विनोद करतोय.

मागच्या वर्षी भाचीनं हर्सूलकडं घर बांधायला काढलं. मी बघायला गेलो, तर ती मिस्त्रीशी बोलत होती. जिन्याची शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा चार बोटं उंच येणार होती. तिनं कोळशानं भिंतीवर जिना काढला, उंची भागून दाखवली. मिस्त्री भिंतीकडं बघत राहिला. म्हणाला, “मॅडम, आप इंजिनिअर हो क्या?”

“नाही,” ती म्हणाली आणि हात झटकले.

मिस्त्री फळ्या काढायला गेला आणि मी तिथं, सिमेंटच्या गोणीवर बसून, सगळं सांगून टाकलं. कट्टा, खोडरबर, उस्मानपुऱ्यातला क्लास, सकाळचे सहा, आडवी पाडायची स्कूटर, गोधडी. या वेळी एक अक्षर वाढवलं नाही. जन्मात पहिल्यांदाच एवढी छोटी गोष्ट सांगितली असेल मी.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मी सायकलनं गेले असते, मामा.”