देवाच्या जागी आजोबा

आमच्या गाडीतला गणपती मी स्वतः मागच्या काचेशी हलवला. प्रश्न श्रद्धेचा नव्हता, नातीच्या पाठीचा होता.

मुलगी मंजिरी पुण्याहून सव्वा वर्षाच्या मिनूला घेऊन रेल्वेने मलकापूरला उतरणार होती. फोनवर तिने एकच अट घातली. "बाबा, गाडीत बाळाची खुर्ची हवी. आणि बाळाचं तोंड मागच्या काचेकडे. मांडीवर वगैरे काही नाही."

हे वगैरे म्हणजेच माझा सगळा बेत होता. मिनूला मी मोबाइलच्या काचेवरच पाहिलं होतं. मलकापूर ते बुलडाणा ती माझ्या मांडीवर बसेल, घाट येईपर्यंत ओळख होईल, असं मी ठरवून टाकलं होतं. (कोणालाही न विचारता.)

खुर्ची आली. सौ. सुमनने ती गाडीत पाहिली आणि तिथेच थबकली.

"अहो, समोर देव हाय. लेकराले देवाकडं पाठ करून बसवता का?"

"मंजिरीनं सांगितलं तसंच बसवलं."

"तिले काय समजते! मी नाही बसू देत."

तोडगा काढला शेजारच्या सलीमभाईंनी. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून गाडी तेच चालवतात.

"भाभी, लेकरू फिरत नसंन तं देवालेच मागं बसवा ना!"

सौ.ला हे पटलं! मी गणपती उचलून नव्या चिकटपट्टीने मागे पक्का केला. पुढे डॅशबोर्डवरची जुनी चिकटपट्टी तशीच राहिली.

मलकापूर स्टेशनवर मी हात पुढे केले. मिनूने मला एकदा नीट पाहिलं आणि आईच्या खांद्यात तोंड लपवलं.

"थोडा वेळ द्या, बाबा," मंजिरी म्हणाली. तिने मिनूला खुर्चीत पट्ट्यांनी बांधलं. सौ. आणि ती मागे बसल्या. मी पुढे.

मागे वळून पाहिलं तर खुर्चीची पाठ! इतके महिने काचेवर का होईना, तोंड तरी दिसत होतं. आता नात हाताच्या अंतरावर, आणि दिसतंय काळं प्लास्टिक.

मागे मिनू हसली. कशाला, ते मला दिसेना.

मी हळूच पट्टा सोडला. गाडी पिं-पिं करू लागली. तिला गप्प करण्यासाठी पट्टा पाठीमागून नेऊन रिकामाच खटक्यात अडकवला, सीटवर गुडघे टेकले आणि खुर्चीवरून डोकावलो.

"भोऽऽ!"

मिनूने डोळे मोठे केले. ओठ हलले. हसणार, एवढ्यात मोताळ्यात बकऱ्या आडव्या आल्या. सलीमभाईंनी करकचून ब्रेक मारला.

मिनू जागची हलली नाही. मी मात्र पाठीकडून डॅशबोर्डवर आदळलो, आणि जुन्या चिकटपट्टीने माझा सदरा धरला. सुटेना! बकऱ्या गेल्या, त्यांच्या मागे उभा असलेला वाहतूक पोलीस काचेशी आला.

"काका, तिथं काऊन बसून राह्यले?"

"साहेब, तिथं गणपती असते," सलीमभाईंनी खुलासा केला. "आज काका हायेत."

पोलिसाने आत पाहिलं. लेकरू पट्ट्यात, दोघी बाया पट्ट्यात, सलीमभाई पट्ट्यात.

"ताई," त्याने मंजिरीला विचारलं, "यायले सांभाळाले कोणी मोठं माणूस नाही का सोबत?"

पावती फाडली. सदराही फाटला.

"आई, तू पुढं जा," मंजिरी म्हणाली. "बाबा, मागं या. माझ्या नजरेसमोर." तिने स्वतःच्या हाताने मला मधल्या जागेवर बांधलं. पट्टा ओढून पाहिला. मी पासष्ट वर्षांचा आहे, हे तिला सांगण्यात अर्थ नव्हता.

पण खुर्ची आता माझ्या शेजारी होती. मिनू माझ्याकडे टक लावून पाहत होती. राजूरच्या घाटात पहिल्याच वळणावर तिने माझं बोट पकडलं. पुढे झोपली, तरी सोडलं नाही. माझ्या हाताला मुंग्या आल्या. मी श्वाससुद्धा बेताने घेत होतो. घाट एवढा लहान कधी झाला, कळलं नाही.

घरी पोचलो. मंजिरीने मिनूचे पट्टे सोडले आणि ती सामान काढायला मागे गेली. मिनूने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात वर केले. माझ्याकडे!

मी झेपावलो. पट्ट्याने मला जागच्या जागी खेचलं. बटण सापडेना! मागच्या सीटचा पट्टा मी आयुष्यात कधी लावलाच नव्हता, तो सोडणार कुठून?

"अहो, कोणीतरी मले सोडा!"

तेवढ्यात सलीमभाईंनी मिनूच्या बाजूचं दार उघडलं. मिनूचे हात अजून वरच होते. तिने एकदा माझी धडपड पाहिली आणि शांतपणे हात त्यांच्याकडे वळवले.

नात सुखरूप घरात पोचली. आजोबा चहाच्या वेळेपर्यंत गाडीतच होते.