उत्तम आधी शेवट पाहतो

सौंसरमध्ये उत्तम गजभिये समोरून येताना दिसला की सिनेमाचे शौकीन गल्ली बदलतात. माणूस वाईट नाही. नगरपालिकेच्या पाण्याच्या टाकीवर नोकरीला आहे, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण इंदूरला असलेल्या मुलानं, नितीननं, त्याच्या मोबाईलवर ओटीटी भरून दिलं आणि आमची वाट लागली.

हा प्राणी कुठलाही सिनेमा आधी शेवटाकडून पाहतो. बोटानं सरकवत न्यायचा, अखेरचा तुकडा पाहायचा, सगळे सुखरूप असले तरच पहिल्यापासून लावायचा. कोणाचं काय होणार हे ठाऊक नसलं की याला चैन पडत नाही. मग माझ्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात येऊन मतं देतो.

"भुताचा पिच्चर मस्त हाये गा. पोरगी घरी वापस येते."

"अबे, मी आज पाहणार होतो!"

"मंग पाह्य ना, आता भेव नाही लागत. तो नावेवाला नको पाहू. अडीच तास समुद्रात फिरवते अन् म्हातारा मरते. कोर्टाचा चांगला हाये, वकील लय बोलते पण. सुटते तो मानूस."

नट कसा, गाणी कशी, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. एकदा तर मी त्याच्यावर पाना उगारला होता.

मग त्याच्या बायकोच्या, चंद्रकलावहिनींच्या, छातीत गाठ लागली. नागपूरला नेऊन गाठीचा तुकडा तपासायला दिला. रिपोर्ट मोबाईलवर येईल म्हणाले.

त्या दिवसांत उत्तम नुसते शेवटच पाहत सुटला. दवाखान्याचे, आजारपणाचे सिनेमे हुडकून काढायचा. दुकानात स्टुलावर येऊन बसायचा आणि मागवलेला चहा निवून जायचा.

"सारे झूट हायेत," एकदा म्हणाला. "बाई ऑपरेशनले जाते, अन् पुढच्या सीनमधी गच्चीवर हासत उभी. मधात काय झालं, कोणीच नाही दाखवत."

"तू कधी मधलं पाह्यलं का पण?" मी बोलून गेलो आणि जीभ चावली. मला स्वतःचा राग आला.

शुक्रवारी दुपारी त्याचा फोन आला. "रिपोर्ट आला. तू ये." दुकान तसंच टाकून गेलो. उत्तम घरापुढच्या छपरीत खाटेवर बसला होता आणि मोबाईल खाली फरशीवर, हातभर लांब ठेवला होता.

"पाह्यला का?"

"नाही. तू उघड."

माझाही हात पुढे होईना. खरं सांगतो, मी भ्यालो होतो.

वहिनी हात पुसत बाहेर आल्या. अंगणवाडी चालवतात, कागदांची सवय आहे. "द्या इकडे. गाठ माही, अन् तुमी दोघं काय एकमेकाच्या तोंडाकडं पाहून राहिले?"

त्यांनी उघडला. सावकाश वाचला, मग पुन्हा एकदा वाचला आणि पदरानं चष्मा पुसला.

"कॅन्सर हाये," त्या म्हणाल्या. "सोमवारी नागपूरले जा लागन."

"अन् मंग?" उत्तमनं विचारलं.

"मंग डॉक्टर ऑपरेशन सांगन."

"अन् मंग?"

"त्याच्या पुढचं नाही लिवलं याच्यात."

उत्तमनं मोबाईल त्यांच्या हातातून घेतला आणि बोटानं सरकवू लागला. पान संपलं होतं तरी सरकवतच राहिला. मग त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत मी त्याचं तोंड असं कधी पाहिलं नव्हतं.

"तू सांग गा. बरी होईन ना चंद्रकला?"

"होईन," मी म्हणालो. "बरी होईन."

वहिनींनी माझ्याकडे एकवार पाहिलं आणि आत गेल्या. मला काय डोंबल माहीत होतं!