दोन रेकॉर्डींसाठी दोहा

"दोहाला कुणी फिरायला जातं का?" रजेच्या अर्जावर सही करताना आमच्या शाखेच्या साहेबांनी विचारलं. धाकटी बहीण तिथे असते, असं मी सांगितलं. ते खरं होतं, पण अर्धंच. मी चालले होते दोन रेकॉर्डी बघायला.

माझा छंद जरा चमत्कारिक आहे. न्यूयॉर्कच्या एका बड्या रेकॉर्ड कंपनीने पन्नासच्या दशकात काय काय ध्वनिमुद्रित केलं, कुठल्या दिवशी, कुठल्या स्टुडिओत, आणि त्यातलं बाजारात काय आलं, याच्या नोंदी मी जमवते. जगात असे आणखी काही वेडे आहेत. आम्ही ईमेलवरून एकमेकांच्या चुका काढतो. त्या कंपनीचा दोन तबकड्यांचा एक संच मला भारतात कुठेच मिळाला नव्हता. कॉयरचा मोठा गायकवृंद, मागे ऑर्केस्ट्रा, चार भाग, आणि शब्द एकही नाही, नुसते आकार-ओकार. एकदा फोनवर मीनल, म्हणजे माझी बहीण, सहज म्हणाली, "आमच्याकडचे इनास अंकल तुझ्या त्या कंपनीची रेकॉर्ड ऐकून कॉयर बसवतात." मी तिला खोक्यावरचा नंबर विचारून घ्यायला लावला. तोच संच होता.

जाणाऱ्यांसाठी थोडी कामाची माहिती. व्हिजिट व्हिसा तिथल्या नातेवाइकाने काढावा लागतो. मीनलच्या नवऱ्याने माझा काढला. जानेवारीत जावं आणि स्वेटर न्यावा, संध्याकाळी वारा बोचतो. मुंबईहून विमान साडेतीन-चार तासांत पोचतं. मीनलचा फ्लॅट अल हिलालमध्ये, विमानतळाला इतका लागून की बॅगा येईपर्यंतच काय तो वेळ गेला. पहिला दिवस समुद्राकाठच्या कॉर्निशवर चालण्यात आणि मुशैरिबच्या दुकानांत घालवला. शहरभर खोदकाम चालू होतं. कडक चहा एक रियालला मिळतो आणि गाडीत बसूनच प्यायचा असतो. हॉर्न वाजवला की पोऱ्या धावत येतो. मला हॉर्न वाजवायची लाज वाटली. मीनल म्हणाली, "मग बस तहानलेली."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी इनास अंकलकडे गेलो. हे वसईचे. तीस वर्षं तेल कंपनीच्या हिशेब विभागात, त्यातली पहिली काही पश्चिमेकडच्या दुखान गावात. साठी उलटली होती, करार संपला होता, पुढच्या आठवड्यात ते आणि रोझी आंटी कायमचे वसईला परतणार होते. शुक्रवारी एका शाळेच्या हॉलमध्ये त्यांच्या कॉयरचा शेवटचा कार्यक्रम होता. तोच संच, चारही भाग. प्रमुख पाहुणे म्हणून इथल्या अमेरिकन कॉलेजातले संगीताचे प्राध्यापक येणार होते.

"त्या कंपनीच्या रेकॉर्डी ऐकतच मोठा झालाय म्हणे तो," अंकल म्हणाले. "त्याला दाखवतो वसईवाले काय चीज आहेत."

टॉवेलात गुंडाळलेलं खोकं बाहेर आलं. मी पहिली तबकडी काठाला धरून उचलली. एका बाजूला छापील आकडा एक. पालटली. छापील आकडा चार, आणि तो बॉलपेनने खोडून वर मोठा दोन.

"हे काय, अंकल?"

"फॅक्टरीची गफलत. पहिल्या तव्याला एक आणि चार, दुसऱ्याला दोन आणि तीन! कोणीतरी अमेरिकन डुलक्या काढत लेबलं चिकटवत होता. मी दुरुस्त केलं."

"अमेरिकेची चूक माझ्या नवऱ्याने दुखानात बसून दुरुस्त केली," रोझी आंटी चहा ठेवत म्हणाल्या. "पण घरातला नळ तीन वर्षं गळतोय."

सगळे हसले. मी हसले नाही, कारण मला कळलं होतं.

फॅक्टरी चुकलेली नव्हती. त्या काळी अमेरिकेत असे रेकॉर्ड प्लेअर होते की मधल्या उंच दांडीवर तबकड्यांची चळत अडकवायची. पहिली आपोआप खाली पडून वाजायची, मग तिच्यावर दुसरी पडायची. दोन्ही झाल्या की अख्खी चळत उलटी करून पुन्हा दांडीवर. म्हणून कंपनी मुद्दाम एकीवर एक आणि चार, दुसरीवर दोन आणि तीन छापायची. दुखानला कंपनीच्या क्लबात अशी सोय असलेलं यंत्र नव्हतं. क्लबाने टाकून दिलेला हा संच अंकलनी उचलला, साध्या प्लेअरवर एक तवा दोन्ही बाजूंनी, मग दुसरा, असा वाजवून कॅसेट केली आणि कॅसेट ऐकत स्वर लिहून काढले. त्यांचा कॉयर इतकी वर्षं ती रचना गात होता ती अशी: एक, चार, दोन, तीन. तिसरा भाग दणदणीत आहे, त्यामुळे शेवट गडगडाटात व्हायचा. खरा शेवट म्हणजे चौथा भाग. तो हळूहळू विरत जातो.

मी चहा प्यायले, चकल्यांचं कौतुक केलं आणि काहीही न बोलता घरी आले.

"सांगू नकोस," मीनल म्हणाली. "चार दिवसांसाठी आलीयस तू."

"चूक आहे गं ती."

"कुणाला कळणार आहे?"

"त्या प्रोफेसरांना. पहिला भाग संपला की लगेच."

मीनल म्हणाली, "मग लवकर सांग. कार्यक्रमानंतर शहाणपणा दाखवलास तर मी तुझ्याशी बोलणार नाही."

मला झोप लागली नाही. प्रश्न साधा दिसत होता, पण मला माझाच भरवसा वाटेना. पाहुण्यांसमोर त्यांची फजिती होऊ नये म्हणून मला सांगायचं होतं, की चुकलेला क्रम माझ्याच्याने बघवत नाही म्हणून? प्रोफेसर येणार नसते तरी मी सांगितलं असतं का? बहुतेक हो. आणि हे "बहुतेक हो" मला आवडलं नाही.

तिसऱ्या दिवशी अंकलनी आम्हाला दुखान दाखवायला नेलं. हा रस्ता जरूर करा. दोहापासून ऐंशी-एक किलोमीटर पश्चिमेला, सरळसोट, दोन्ही बाजूंना पिवळट खडकाळ माळ. मध्ये शहानिया लागतं, तिथे उंटांच्या शर्यतींचा ट्रॅक आहे. सरावाला निघालेले उंट रस्ता ओलांडत असले की सगळ्या गाड्या मुकाट उभ्या राहतात. दुखानला कंपनीच्या वसाहतीत पासाशिवाय जाता येत नाही. अंकलचं कार्ड अजून चालत होतं. क्लबाच्या जागी आता ऑफिस होतं. समुद्र मात्र अफलातून, उथळ आणि काचेसारखा. तिथे वाळूवर बसून आंटींचे फुगे खाल्ले. वसईकडे सणाला करतात ते, ताडी घालून आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे. इथे ताडी कुठली, त्यामुळे यीस्टवर भागवलेलं. अंकल लाटांकडे बघत चौथा भाग गुणगुणत होते, त्यांचा दुसरा. मी हातातला फुगा परत डब्यात ठेवला.

परतीच्या रस्त्यावर मी सांगितलं. मी पुढे बसले होते, आंटी आणि मीनल मागे. चळतीचं यंत्र, दोन तबकड्या, आकडे, सगळं शक्य तितक्या सरळ सांगितलं. गाडीचा वेग वाढला. एकशेवीसच्या वर गेलं की आखातातल्या गाड्यांमध्ये घंटी वाजायला लागते. ती वाजायला लागली.

"खात्री आहे?"

"हो."

"तू होतीस तिथे?"

"नाही. पण ध्वनिमुद्रणाच्या नोंदी आहेत माझ्याकडे."

"काय म्हणतात तुझ्या नोंदी?"

इथे मला गप्प बसता आलं असतं. पण अर्धं सांगणं मला जमत नाही. "चौथा भाग त्यांनी सगळ्यात आधी रेकॉर्ड केला. त्यात वाद्यं कमी आहेत. मोठा ऑर्केस्ट्रा नंतरच्या दिवसांसाठी ठरवलेला होता."

"म्हणजे त्यांनी स्वतः शेवट आधी गायला!" अंकलनी स्टिअरिंगवर हात आपटला. "मग मला कशाला शिकवतेस?"

"सोयीसाठी तसं गायले, अंकल. रचना तशी नाही."

"सोयीसाठी! आणि आम्ही काय मस्तीसाठी गायलो? दिवसभर ड्युटी करून पोरी येतात गायला. परवा प्रोग्रॅम आहे माझा. आठवड्याने मी इथला कोणीच नसणार. तू आज सांगतेस?"

घंटी वाजतच होती. पुढचा ट्रक फार वेगाने मोठा होत होता. मी पायाने नसलेला ब्रेक दाबत होते.

"इनास," आंटी मागून शांतपणे म्हणाल्या, "घंटी वाजतेय."

त्यांनी पाय काढला. शहानियाला चहाच्या टपरीजवळ गाडी थांबवली, स्वतः उतरले आणि आमच्याकडे पाठ करून उभ्याने चहा प्यायले. आम्हाला विचारलंही नाही. परत आले, किल्ली फिरवली. "उद्या प्रॅक्टिसला ये," एवढंच म्हणाले.

गुरुवारच्या सरावाला तीसेक जण होते. हॉस्पिटलातल्या नर्सेस, अकाउंटंट, दोन शिक्षिका. अंकल स्टँडसमोर उभे राहिले. "आपण क्रम बदलतोय. एक, दोन, तीन, चार."

लीना म्हणून एक नर्स आहे, कॉयरचा कणा. ती उठलीच. "अंकल, उद्या प्रोग्रॅम आणि आज सांगताय?"

"आज कळलं."

"कोणी सांगितलं?"

मी भिंतीशी खुर्चीवर बसले होते.

"रेकॉर्डने," अंकल म्हणाले. "यल्ला, चला, पहिल्यापासून."

पहिला भाग संपला की खालच्या पट्टीतल्या बायका न सांगता चौथ्यात शिरायच्या. अंकल थांबवायचे. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तेच. "माझं पोरगं झोपेतसुद्धा जुन्या क्रमाने गातं, अंकल," एक जण कुरकुरली. निघेपर्यंत एकदाच नीट जमलं. अंकलनी कुणालाच शाबासकी दिली नाही.

शुक्रवारी हॉल भरला. बहुतेक जण दर वर्षी येणारे, ही रचना तोंडपाठ असलेले. पाहुणे पहिल्या रांगेत. मी तिसऱ्या रांगेत. पहिला भाग सुरेख झाला. शेवटचा स्वर थांबला आणि ज्याची भीती होती तेच झालं. डावीकडून दोन आवाज चौथ्या भागात शिरले. अंकलचा डावा हात वर गेला, पंजा उघडा. आवाज कापल्यासारखे थांबले. सगळा हॉल अवघडून बसला. अंकलनी पंजा तसाच धरून ठेवला, एकेका चेहऱ्याकडे बघत, मग उजव्या हाताने दुसऱ्या भागाची खूण केली. सगळे आवाज एकत्र उठले. तिथून पुढे कुणी चुकलं नाही.

चौथा भाग विरत विरत संपला. आणि कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. लोकांच्या लेखी कार्यक्रम मध्यावरच होता. गडगडाटी भाग आपण मघाशीच ऐकला हे कुणाच्या हिशेबात बसेना. सगळे त्याचीच वाट बघत होते. अंकल पाठमोरे उभे, हात हवेत. पाहुणेही स्तब्ध. ती शांतता किती लांबली कोण जाणे, मला उठून ओरडावंसं वाटलं. शेवटी अंकलनी हात खाली केले, वळले आणि म्हणाले, "खलास."

आधी हशा पिकला, मग टाळ्या. लोक उभे राहिले. रोझी आंटी मात्र बसून होत्या, रुमाल तोंडाला लावून.

चहापानात मी प्राध्यापकांना गाठलं. ती रेकॉर्ड त्यांनी लहानपणी कधी ऐकली होती, असं विचारलं. ते मोकळेपणाने हसले. ही रचना आयुष्यात पहिल्यांदाच ऐकतोय, म्हणाले. त्यांच्या घरी त्या कंपनीच्या नुसत्या नाचाच्या रेकॉर्डी होत्या. मी मान वळवली. अंकल माझ्या मागेच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी पाहुण्यांच्या बशीत आणखी एक सामोसा वाढला आणि पुढे गेले.

घरी नाशिकला आल्यावर मी माझ्या यादीत दोहाची प्रत नोंदवली: छापील लेबलं मूळची, तबकड्या उत्तम स्थितीत. बॉलपेनच्या आकड्यांबद्दल लिहावं की नाही यावर अडले. शेवटी लिहिलं. प्रतीवर जे आहे ते आहे.

डिसेंबरमध्ये नाताळच्या शुभेच्छा द्यायला वसईला फोन केला. अंकल मजेत होते, केळीला पाणी देत होते. दोहाचा कॉयर आता लीना चालवते, ती पुन्हा जुन्या क्रमावर गेली, म्हणाले.

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"प्रोग्रॅम तिचा. मी कोण?"

"आणि तुम्हाला? तुम्हाला कुठला आवडतो?"

"गुणगुणायला लागलो की पहिला भाग होतो, पोरी, आणि मी तिथेच उभा राहतो. आधी पुढचं आपसूक यायचं. आता ठरवावं लागतं, इकडे जाऊ की तिकडे."

"अंकल, सॉरी."

"सॉरी कशाला? बरोबर ते बरोबर," ते म्हणाले. "तेवढ्यात पाइपमधून पाणी वाहून जातं, एवढंच."

मागून आंटींचा आवाज आला, "इनास, नळ बंद कर!" आणि फोन ठेवला गेला.