मेहुण्याने केलेली साफसफाई

माझ्या लॅपटॉपमध्ये जागा बत्तीस जीबी. आमच्या बंगळूरच्या बसवनगुडीतल्या स्वयंपाकघरासारखीच: नवं काही आत आणायचं तर आधी जुनं बाहेर काढावं लागतं. त्यावर लिनक्स आहे, आणि पडद्यावरचं सगळं एक यांत्रिक आवाज माझ्या कानात सुसाट वाचून दाखवतो. मला दिसत नाही, तेव्हा तो आवाज म्हणजेच लॅपटॉप. बाकी नुसता डबा.

एका रविवारी मी अंघोळीला गेलेलो असताना मेहुण्याने तो डबा साफ केला. पासवर्ड बायकोने दिला. हा तिचा धाकटा भाऊ पुण्याचा, आयटीतला, मारतहळ्ळीला राहतो आणि आंधळ्या भावोजींवर उपकार करायची एकही संधी सोडत नाही.

"केवढी जागा मोकळी केली, भावोजी. कसली कसली आवाजाची पॅकेजेस भरली होती. कन्नड काय, मराठी काय. तुम्ही व्हिडिओ तर बघत नाही."

मी लॅपटॉप सुरू केला. मुका.

संध्याकाळपर्यंत एका भाषांतर कंपनीला कन्नड मजकुराचं मराठी करून पाठवायचं होतं. वेळेत गेलं तर नोकरी, नाहीतर पुन्हा घरी बसणं.

"त्यात काय, मी वाचतो, तुम्ही सांगा."

"वाच की. कन्नडमध्ये आहे."

इतकी वर्षं बंगळूरात राहून याचं कन्नड 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, यापुढे गेलेलं नाही. मला इतका आनंद झाला की क्षणभर नोकरीची भीतीच विसरलो.

"बस इथे. आता माझा आवाज तू."

मी आज्ञा टाईप करून पॅकेजेस परत मागवू लागलो, तो पडद्यावरची उत्तरं वाचू लागला.

"तिरकी रेघ गाळलीस."

"तीही वाचायची?"

"टिंबसुद्धा. आणि भावना नको घालू. सपाट वाच."

त्याने पाणी मागितलं. बायको तांब्या ठेवत म्हणाली, "त्यांच्या यंत्रातला बाबा पाणी मागत नाही हं. जरा भरभर वाच."

थोड्याच वेळात माझ्या इअरफोनमध्ये तो लाडका आवाज बोलला. मी चेहरा हलू दिला नाही. त्याला काही दिसू नये म्हणून पडद्याचा उजेड शून्यावर नेला आणि सुस्कारा सोडला. "नाही रे. हातानेच नीट करावं लागणार. फोनवर मॅन्युअल उघड, पहिल्यापासून वाच. मी तसं तसं टाईप करतो."

मग एका कानात कन्नड मजकूर, दुसऱ्या कानात मेहुणा. माझं भाषांतर झकास चाललं होतं. त्याचा घसा बसत चालला होता.

"हे प्रकरण सोडू का?"

"नेमकं त्यातच असेल तर?"

ते त्याने दोनदा वाचलं. मेल गेल्याचं माझ्या कानात ऐकू आलं तेव्हा तो कुठल्याशा परिशिष्टात होता.

"आला का आवाज?" त्याने घोगऱ्या स्वरात विचारलं.

"मघाशीच. तू पाणी प्यायलास ना, त्यानंतर लगेच."

तो काहीतरी बोलायला गेला. नुसती हवा आली.

नोकरी मिळाली. बायकोने कळवायला त्याला फोन लावला, तर उचलला नाही. मेसेज आला: अभिनंदन, डॉक्टरांनी बोलू नका सांगितलंय. तो मेसेज मी लॅपटॉपकडून परत परत वाचून घेतला.