आप्पांची विणकामाची सुई

सदलग्यापासून बेळगावपर्यंतच्या साऱ्या पट्ट्यात स्वतःच्या अंगातला स्वेटर स्वतःच्या हातानं विणणारा पुरुष मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझा चुलत सासरा निघाला. मी बेळगावच्या खासबागेतली मुलगी. लग्न होऊन सदलग्याला आले तेव्हा पहिल्या सकाळी ओसरीवर एक सहा फुटी गृहस्थ मांडी घालून बसलेले दिसले. भरघोस मिशा, डोक्याला पटका, आणि हातात दोन सुया. मला वाटलं, कुणाची तरी गंमत चालली आहे. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी आशीर्वाद दिला नाही, ओठांनी आकडे मोजत राहिले. ओळ संपल्यावर मान वर करून म्हणाले, "औक्षवंत हो. एक टाका चुकला असता बघ तुझ्यापायी."

त्यांना सगळं गाव आप्पा म्हणायचं आणि त्यांच्या बायकोला, म्हणजे माझ्या चुलत सासूबाईंना, आक्का. घर जैनांचं, मळ्यात तंबाखू आणि ऊस, दाराशी बैलांच्या दोन जोड्या. अशा घरच्या कर्त्या पुरुषाच्या हातात सुया आल्या कशा? तरुणपणी आप्पा भरल्या गाडीवरून पडले आणि मांडीचं हाड मोडलं. बेळगावच्या एका दवाखान्यात तीन महिने त्यांना निजवून ठेवलं. मळ्यावर वीस माणसांना ओरडायची सवय असलेला माणूस. तिथं दुसरं कुणी नाही म्हणून ते नर्सवर ओरडायचे. शेवटी एका कानडी नर्सनं वैतागून त्यांच्या हातात स्वतःच्या सुया आणि लोकरीचा गुंडा दिला आणि म्हणाली, "हे करा आणि गप्प बसा." आप्पा गप्प बसले. तीन महिन्यांनी घरी आले ते एक पाय किंचित ओढत आणि अंगात तांबडा स्वेटर घालून. त्याची एक बाही दुसरीपेक्षा वीतभर लांब होती. आक्कांनी विचारलं, तेव्हा म्हणाले, "पाय आखूड झाला, तशी बाही आखूड. जोडा जमला."

त्यानंतर त्यांनी दरसाल एक स्वेटर विणला. बांधावर उभे राहून विणत, गाडीत बसून विणत, तंबाखूचा दर ठरवायला व्यापारी आला तर त्याच्याशी बोलतानाही विणत. व्यापाऱ्याचं लक्ष सुयांकडे जाई आणि तो बिचारा हो म्हणून मोकळा होई. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दर्शनाला जाताना मात्र सुया बाहेर चपलांजवळ ठेवत. या सुयांचीही गंमत होती. नर्सनं दिलेली जोडी झिजली, मग आप्पांनी छत्रीच्या काड्या घासून सुया करायला सुरुवात केली. आमच्या घरात त्यामुळं एकही छत्री धड उघडत नसे. माझ्या माहेरून आलेली नवीकोरी छत्री पहिल्याच पावसात एका बाजूनं लोंबली. माझं पडलेलं तोंड त्यांना दिसलं असावं. "सूनबाई, पाऊस एकाच बाजूनं येतोय की. छत्री फिरवून धरायची," असं त्यांनी मला समजावलं.

लोकरीच्या बाबतीत तर त्यांचं सोवळं वेगळंच. आम्हा जैनांना जीव दुखवून काही अंगावर घालायचं नाही. कुणीतरी आप्पांच्या मनात घातलं की लोकरही तशीच असली तर? झालं. ते तडक बस्तीत पूजा करणाऱ्या उपाध्यांकडे गेले. उपाध्ये म्हणाले, मेंढीला इजा न होता कातरली असेल तर दोष नाही. पण इजा झाली की नाही हे बाजारातल्या गुंड्यावर थोडंच लिहिलेलं असतं? तेव्हापासून आप्पांनी ठरवलं, स्वतःच्या डोळ्यांसमोर कातरलेलीच लोकर वापरायची. लगमा धनगर मेंढरं कातरायला बसला की आप्पा शेजारी उकिडवे बसत, न्हाव्यासमोर नातवाला धरून बसावं तसे. एकदा कातर लागून एका मेंढीचा कान जरासा फाटला. आप्पांनी पटक्याचा काठ फाडून तिच्या कानाला हळद बांधली, आणि सगळी लोकर तिथंच टाकून हात जोडून घरी आले. लगमा महिनाभर सगळ्यांना सांगत होता, "माझ्या पोराचं डोस्कं फुटलं तवाबी आप्पा येवढं हळहळलं न्हाईत."

या देशी काळ्या लोकरीचे स्वेटर ऊबदार खरे, पण असे बोचायचे की आप्पांच्या शेजारी बसलेल्या माणसालाही खाज सुटावी. ते धुण्याचं काम आप्पा दुसऱ्या कुणाला देत नसत. एकदा आक्कांनी धोतराबरोबर स्वेटरही दगडावर आपटून ओलाच दोरीवर टांगला होता, आणि तो वाळल्यावर आप्पांच्या गुडघ्यापर्यंत आला होता. तेव्हापासून ते स्वतः नदीवर जात, हलक्या हातानं धूत आणि चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवून वाळत घालत.

सगळ्यात मोठा सोहळा पुढचा स्वेटर ठरवण्याचा. दसरा झाला की आप्पा भेटेल त्याला विचारत, "औंदा काय विणावं रं?" गळा गोल की त्रिकोणी, बाह्या असाव्यात की नसाव्यात, पुढं गुंड्या की डोक्यातून घालायचा. शाळेचे मास्तर, गाडीवान, उपाध्ये, सगळ्यांचं मत घेऊन झालं की आप्पा त्यातलं काहीच करत नसत. मी एकदा विचारलं, "मग विचारता कशाला आप्पा?" तर म्हणाले, "इचारलं की त्येंला बरं वाटतंय. न्हाय ऐकलं की मला बरं वाटतंय."

मी सांगते त्या वर्षी मात्र आप्पांनी कुणालाच काही विचारलं नाही. लढाई चालू होती, निपाणीच्या बाजारात रॉकेलपासून सुतापर्यंत सगळ्याची ओढाताण होती. दिवाळी झाली तरी आप्पांच्या हातात नवं काम नव्हतं. आक्कांना पावसाळ्यापासून खोकला लागला होता. थंडी सुरू झाल्यावर तो वाढला. काढे झाले, वैद्य झाले. आप्पा एकदा म्हणाले, "माझा स्वेटर घाल." आक्का फणकारल्या, "बाईमाणसानं गड्याचा स्वेटर घालून दारात बसायचं व्हय? आनि बोचतोय किती त्यो! खोकला परवडला." विषय तिथंच संपला, असं आम्हाला वाटलं.

दोन दिवसांनी आप्पा सकाळी "येतो" म्हणून बाहेर पडले. दुपारी आले नाहीत. आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवणं होतात आणि आप्पांनी ती वेळ आयुष्यात कधी चुकवली नव्हती. त्या संध्याकाळी त्यांचं ताट वाढलेलं राहिलं. आक्का उंबऱ्याशी उभ्या राहिल्या, आणि उजेड गेला तसं ताट झाकून आत नेलं. त्याही जेवल्या नाहीत. रात्रभर गडी मळ्यातून, वस्त्यांवरून विचारून आले. आप्पा कुणालाच दिसले नव्हते.

सकाळी आमचे यजमान नदीवरून धावत आले. त्यांच्या हातात आप्पांचा काळा स्वेटर होता. "काठावर सापडला," एवढंच म्हणाले आणि खाली बसले. पाऊस संपून दीड-दोन महिनेच झाले होते, दूधगंगेला अजून पाणी होतं. घरात एकदम रडारड सुरू झाली. शेजारच्या बायका आल्या. एकीनं आक्कांच्या कुंकवाकडे बघून डोळ्याला पदर लावला. 

आक्का रडल्या नाहीत. त्यांनी स्वेटर हातात घेतला, उलटा केला, नाकाशी नेला.

"कसा पडलाता?" त्यांनी विचारलं.

"पडला नव्हता. पसरला होता. चार दगड होते वर."

"मग त्यो धुवून वाळत घातलाय. जीव द्यायला निघालेला मानूस स्वेटर वाळत घालत न्हाय."

"आक्का, पाय घसरला असंल, पाण्यात..."

"चपला हुत्या काय काठावर?"

"न्हाय."

"मग चालत गेल्यात. पाण्यात चपला घालून कोण उतरतंय? गाडी जुंपा."

त्यांचा आवाज असा होता की रडणाऱ्या बायका गप्प झाल्या. पण गाडीत मी त्यांच्या शेजारी बसले तेव्हा मला दिसलं, स्वेटर घट्ट धरून त्या पुटपुटत णमोकार मंत्र म्हणत होत्या. वाटेत एकदाही खोकल्या नाहीत. खोकायचं भान तरी असायला हवं.

अलीकडचं सगळं रात्रीच विचारून झालं होतं, म्हणून गाडी काठावर सोडून नावेनं पलीकडे गेलो. नावाड्यानं सांगितलं, काल नावेवर त्याचा पोरगा होता, आप्पा आले की नाही ते त्याला ठाऊक नाही, पण याच काठानं लगमाची मेंढरं गेली. तेवढा धागा धरून आम्ही विचारत विचारत निघालो. दुपार कलताना एका कापणी झालेल्या रानात मेंढरं बसवलेली दिसली. बाभळीखाली घोंगडी अंथरली होती. एका बाजूला लगमाची बायको टकळीवर लोकर कातत होती. आणि घोंगडीवर, उघड्या अंगावर उपरणं घेऊन, आप्पा बसले होते. विणत होते.

आमच्या यजमानांना एकदम हसू आलं आणि त्या हसण्यातच रडू फुटलं. मी बाभळीचा बुंधा धरला.  आक्का मात्र सरळ चालत गेल्या आणि आप्पांच्या समोर उभ्या राहिल्या.

"अवो, काल सकाळी गेलासा!"

आप्पांनी हातातली ओळ पुरी केली. "कालच? मला वाटलं दोन दिस झालं."

मग आक्का मटकन खाली बसल्या आणि हातातल्या स्वेटरानं आप्पांच्या गुडघ्यावर मारत सुटल्या. "ताट झाकून ठिवलं मी... बाया कुंकवाकडं बघाय लागल्या माझ्या... तुमाला सुया पायजेत का घर?" आप्पा घाबरून सुया वर धरून बसले होते, टाके निसटू नयेत म्हणून. शेवटी लगमाच मध्ये पडला.

"आक्का, मारू नगा. तुमच्यासाठीच चाललंय समदं. काळी बोचती म्हणालासा न्हवं? मग आप्पा म्हनलं, कोकराचं जावळ पायजे, पयली कातरण. धा-बारा कोकरं हायत माझी तसली पांढरी. स्वेटर वाळस्तवर माघारी जायाचं म्हनत हुतं, पर कातरायची हुती सकाळच्या पारी, म्हणून आप्पा ऱ्हायलं. बघायला नगो व्हय, लागतंय का त्ये?"

आक्का थांबल्या. आप्पांच्या मांडीवर पांढऱ्या लोकरीची चार बोटं रुंद पट्टी होती. त्यांनी ती दोन बोटांत धरून पाहिली, मग गालाला लावली. 

"रातच्याला काय खाल्लं?" आक्कांनी विचारलं.

"मावळायच्या आत शेंगा, गूळ, दूध. पाणी गाळून."

"आनि निरोप धाडता येत नव्हता?"

"धाडला की! गावचाच गाडीवान गेला हितनं, त्येला सांगितलं."

तो गाडीवान परस्पर निपाणीच्या बाजारला गेला होता. निरोप घेऊन तो आमच्या दारात आला तो पाचव्या दिवशी. तेव्हा आप्पा स्वतःच ओसरीवर बसले होते. त्यानं प्रामाणिकपणे त्यांच्यासमोर उभं राहून सांगितलं, "आप्पांनी सांगितलंय, जेवायला थांबू नगा." आक्का इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला, आणि त्या ठसक्याला त्या खेपेला कुणी भ्यालं नाही.

संक्रांतीच्या आधी स्वेटर पुरा झाला. पुढं गुंड्या, गळा बंद, बाह्या दोन्ही सारख्या. नऊवारीवर तो घालून आक्का पहिल्या दिवशी घरातच बसल्या, दुसऱ्या दिवशी परसात गेल्या, आणि आठव्या दिवशी बस्तीत. कुणी काही म्हटलं नाही. उलट दोन बायकांनी हळूच आप्पांचा भाव विचारला. माघ संपेपर्यंत आक्कांचा खोकला गेला. वैद्य म्हणाला, काढ्यानं गेला.

त्यानंतर मी यजमानांच्या नोकरीमुळं बेळगावला राहायला आले. सदलग्याला जाणं सणावारी होई. शेवटचं गेले तेव्हा आप्पा पार थकले होते. थंडीची सकाळ होती. दोघं ओसरीवर उन्हात बसलेले होते. आप्पा भिंतीला टेकून झोपले होते, मान छातीवर आली होती. त्यांचं अर्धवट विणकाम आक्कांच्या हातात होतं. आक्कांना विणता येत नव्हतं. त्यांनी आयुष्यात सुई धरली ती गोधडीचीच. त्या नुसत्याच दोन्ही सुया घट्ट धरून, न हलता बसल्या होत्या.

मी जवळ गेले तशी त्यांनी डोळ्यांनीच मला गप्प राहायला सांगितलं.

"झोप लागली बघ," त्या कुजबुजल्या. "हातातनं सुटाय लागलं, म्हणून धरलंय. टाकं निसटलं की उठल्यावर लई कष्टी हुत्यात."

"द्या माझ्याकडे, मी धरते. कधीपासून बसल्या आहात?"

"ऱ्हाऊ दे गं," आक्का म्हणाल्या आणि सुया आणखी जवळ घेतल्या. मी त्यांच्या शेजारी बसले. आप्पा उठेपर्यंत आम्ही दोघी तशाच बसून होतो.