प्रूफवरची सही

बऱ्याच वर्षांपूर्वी एका शिक्षणसंस्थेच्या समारंभाच्या पत्रिकेत सातवं नाव छापायचं राहिलं आणि त्याचा दोष माझ्या कोरेगावच्या छापखान्यावर आला. खरं तर ते नाव मी व्यवस्थित जुळवलं होतं. छपाईच्या आधी संस्थेच्या कार्यक्रमप्रमुखांचा फोन आला, "सातवं काढा, वरून निरोप आहे." मी काढलं. समारंभाला ते सातवे गृहस्थ पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी पत्रिका वाचली, तिची घडी घातली, ती खुर्चीवर ठेवली आणि निघून गेले. कार्यक्रमप्रमुखांनी माइकवरून सांगितलं, "छापखान्याच्या चुकीमुळे एक नाव राहून गेलं." मी मागं उभा होतो, उरलेल्या पत्रिकांचा गठ्ठा काखेत घेऊन. त्यानंतर संस्थेचं काम माझ्याकडं आलं नाही.

ही हकीकत मी इतक्या वेळा सांगितली आहे की "सातवं" म्हटलं की बायको दूध बघायला आत जाते.

गेल्या वर्षी त्याच संस्थेतून बोलावणं आलं, तेव्हा मी आधी नाही म्हणालो. चहा पिऊन झाल्यावर हो म्हणालो. शाळा, महाविद्यालयं, दवाखाना असा त्यांचा पसारा दोन जिल्ह्यांत आहे. सगळ्यांची छपाई एका ठिकाणी आणायची होती. पुण्याच्या सल्लागारानं आराखडा दिला होता: शाखांमधले प्रिंटर काढून घ्या, फाइल मेलवर मागवा. एकाही मुख्याध्यापकानं प्रिंटर सोडला नव्हता. शेवटी कचेरीच्या अधीक्षक बाईंनी माझं नाव सुचवलं. ते जुने कार्यक्रमप्रमुख आता संस्थेचे सचिव झाले होते.

"पहिली दहा मिनिटं तरी भांडू नका," बाई सचिवांच्या दारातच म्हणाल्या.

"पाच," मी म्हणालो.

भांडण झालं नाही. सचिवांनी जुनी ओळख दाखवली नाही, मीही नाही. महिनाभर वही घेऊन मी वाईपासून पलूसपर्यंत शाखा फिरलो. बहुतेक ठिकाणी प्रिंटरवर भरतकामाचं झाकण आणि दसऱ्याचा वाळलेला हार होता. पलूसच्या शाळेतला लिपिक फौजेतून आलेला, प्रिंटरसमोर खुर्ची टाकूनच बसला.

"आवं, ह्यो नेला तर दाखला मागायला आलेल्या बाईला काय सांगू? गुरुवारी ये? ती एका दिवसाची मजुरी बुडवून आलेली असती."

"आन् पत्रिका?"

"त्या तर हितंच. नावं कवा बदलत्याल सांगता येत न्हाई. गेल्या टायमाला पाहुणं गाडीतनं उतरत हुतं आन् आमी तिसऱ्यांदा छापत हुतो."

मग दुसऱ्या शाखांतही मी हाच प्रश्न विचारला आणि तेच ऐकलं. कुणाचं नाव कुणाच्या वर, हे शेवटपर्यंत ठरत नव्हतं, आणि ठरवणारा कधी कागदावर दिसत नव्हता. चुकलं की छापणाऱ्याचं. म्हणून प्रत्येकाला मशीन हाताशी हवं होतं. एवढी साधी गोष्ट पुण्याच्या माणसाला कुणी सांगितली नव्हती, कारण त्यानं लिपिकाला विचारलंच नव्हतं.

मी आराखडा हातानं लिहिला. दाखल्यांसाठी प्रत्येक शाखेत एक छोटा प्रिंटर राहील. बाकी सगळी छपाई मुख्य कचेरीच्या तळमजल्यावरच्या एका केंद्रात. प्रश्नपत्रिकांची खोली वेगळी, तिच्या दोन किल्ल्या दोघांकडं. टपालाची गाडी सोमवारी आणि गुरुवारी शाखांना जातेच, तिच्यातूनच गठ्ठे जातील. शेवटचं कलम असं: अंतिम प्रूफवर ज्याचं काम त्याची सही. त्यानंतरचा बदल त्यानं स्वतः केंद्राच्या खिडकीवर येऊन त्याच प्रूफवर करायचा. फोनवर नाही, व्हॉट्सॲपवर नाही, निरोपावर नाही.

सचिवांनी सगळं वाचलं आणि शेवटच्या कलमावर पेन्सिलीनं काट मारली.

"हे आपल्याकडं चालत नाही. ऐनवेळी बदल होतात."

"होत्यात म्हणूनच लिवलंय."

"केंद्र तुम्हीच चालवा. दोन मशिनं देतो. हे तेवढं सोडा."

"मशीन एकच द्या साहेब. खोली ल्हान द्या. कलम हलणार न्हाई."

"तुम्ही अजून तेच धरून बसलाय."

"धरलंय," मी म्हणालो, आणि माझा आवाज चढला. बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. मी आवाज खाली आणला. "ते प्रूफ माझ्या घरी हाय. सातव्या नावावरची काट माझ्या हातची हाय, शेजारी सही कुणाचीच न्हाई. ती असती तर आज मला वरडायला लागलं नसतं."

ते पेन्सिल फिरवत राहिले. मी वही मिटून उठलो. खरंच निघणार होतो. आराखडा त्यांच्याकडं ठेवणार नव्हतो.

तेव्हा बाई म्हणाल्या, "साहेब, पत्रिकेवरनं रुसवे झाले की फोन तुमच्याकडंच येतात. सही असली तर कुणी बदललं ते दाखवता तरी येईल."

माझ्या म्हणण्यानं जे झालं नाही, ते या वाक्यानं झालं. सचिवांनी खोडरबर घेतलं आणि पेन्सिलीची काट पुसली. "राहू द्या," एवढंच म्हणाले. मला माफी हवी होती. खोडरबर मिळालं.

केंद्र सुरू झालं. बक्षीस समारंभाच्या पत्रिकेचं प्रूफ सही होऊन आलं, आणि दुपारी सचिवांचा फोन आला. "चौथं आणि पाचवं नाव वरखाली करा."

"खिडकीवर या, साहेब."

"मी सचिव बोलतोय."

"आवाज वळखला."

"माणूस पाठवतो."

"प्रूफावर सही तुमची हाय."

ते दोन जिने उतरून आले. खिडकीपुढं एका शाळेचा शिपाई हजेरीपटाचे कागद घेऊन उभा होता. त्याच्या मागं ते थांबले. त्यांना पुढं बोलावणं माझ्या हातात होतं. मी शिपायाचे कागद नीट मोजून घेतले.

पाळी आल्यावर मी प्रूफ सरकवलं. त्यांनी दोन नावांमध्ये बाण काढला, सही केली आणि विचारलं, "वेळ घालू का?"

"घाला."

त्यांनी वेळ घातली आणि वर गेले.

दुसऱ्या दिवशी मी घरून ते जुनं प्रूफ आणलं. पत्रिकांच्या फायलीत तळाला ते लावलं, त्याच्यावर सचिवांच्या सहीचं हे नवं.