चिपाडांची राख

आमच्या माडीवर वर्षभर एक बाई भाड्यानं राहत होत्या. त्या रसायनशास्त्रात संशोधन करायच्या. नाव कुणी घेतलंच नाही, सगळे मॅडम म्हणायचे. माळशिरसकडच्या साखर कारखान्यातून त्या उसाच्या चिपाडांची राख आणायच्या आणि तिच्यातल्या सिलिकापासून जिओलाइट बनवायच्या. त्यात इतकी बारीक भोकं असतात, की मापाचाच रेणू आत शिरतो. "पिठाच्या चाळणीसारखंच, काकू," असं त्या आईला सांगायच्या. बोलताना दोन बोटं एकमेकांवर घासत राहायच्या, जणू चिमटीत राख आहेच.

एकदा कॉलेजातली भट्टी बिघडली, म्हणून त्यांनी धुऊन पांढरी केलेली राख गच्चीवर परातीत वाळत घातली. चुली गेल्यापासून आईला भांडी घासायला मनासारखी राख मिळत नव्हती. संध्याकाळी मॅडम परतल्या, तोवर तिची सगळी तांब्याची भांडी लखलखत होती.

"लई बारीक राख हाय की," आई म्हणाली. "तुमच्या कामाची न्हवती न्हवं?"

मॅडमनी रिकाम्या परातीकडे पाहिलं. मग एक तांब्या उचलून उजेडात धरला.

"नाही हो काकू, राखच ती. तांबं छान निघालंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या काखेत रिकामं पोतं घेऊन स्टँडकडे निघालेल्या दिसल्या. मी गाठून विचारलं, किती दिवसांचं काम होतं?

"दोन महिन्यांचं. काकूंना सांगू नका."

आई अजून म्हणते, तसली राख पुन्हा मिळाली न्हाय. मी मान हलवतो.